लेट्रोझोल २.५ एमजी : सहा वर्षं रोज घेऊन मग लिहिलेला रिव्ह्यू

रेटिंग : पाचपैकी चार तारे. एक तारा बोटांसाठी कापला, ते पुढे येतंच.

कूलर घेतला की आठ दिवसांत लोक रिव्ह्यू टाकतात, हवा चांगली फेकतो, आवाज जास्त, पंप तिसऱ्या दिवशी गेला वगैरे. मी जी वस्तू, मधलं एक वर्ष सोडलं तर, सहा वर्षांपासून रोज वापरून राहिली तिच्याबद्दल मराठीत कोण्या बाईने दोन ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. वस्तू म्हणजे स्तनाच्या कॅन्सरनंतर घ्यायची गोळी. लेट्रोझोल, पिवळी, गोल, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर, एक. सहा वर्षांत अकरा वेळा विसरली, मोजलंय, कारण मी निवृत्त गणिताची बाई आहे, डॉक्टर नाही. इथं वाचून कोणी गोळी सुरू किंवा बंद करू नका, तुमच्या डॉक्टरला विचारा, हे एकदाच सांगते.

माझं थोडक्यात. २०१८ च्या दिवाळीत आंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात गाठ लागली, तेव्हा ५४ वर्षांची होती, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. नोव्हेंबरात ऑपरेशन, मग किमो, मग शेक (रेडिएशन). काखेतल्या दोन गाठींत पसरलेलं होतं. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे बाईच्या हार्मोनांवर वाढणारा, आणि हर टू नावाच्या प्रोटीनला निगेटिव्ह. जून २०१९ ला सगळं आटोपलं, घरच्यांनी पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ही चिठ्ठी लिहून दिली, पाच वर्षं. मी म्हटलं पाच दिवस का? तर ते हसले.

पहिला गोंधळ नावाचाच आहे. फाइलवर ‘हार्मोन थेरपी’ लिहिलेलं असते आणि नातेवाईकांना वाटते हिला हार्मोन देऊन राहिले. माझ्या नणंदेने तर पाळी जाताना हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या, ती म्हणे मला पण तेच दिलं होतं, वजन वाढलं बाई. अगदी उलट आहे हे. आमच्या प्रकारचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतो, म्हणून ते इस्ट्रोजेन बनूच द्यायचं नाही. पाळी गेली म्हणजे अंडाशय रिटायर झालं, पण अंगातल्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम असते, ते दुसऱ्या हार्मोनांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते, म्हणजे रिटायर झाल्यावरही घरी ट्यूशन चालूच. लेट्रोझोल त्या ट्यूशनला कुलूप लावते. अ‍ॅनॅस्ट्रोझोल १ एमजी आणि एक्झेमेस्टेन २५ एमजी ह्या तिच्याच दोघी बहिणी. पाळी चालू असलेल्या बाईला नुसतं हे देऊन भागत नाही कारण तिचं अंडाशय ड्युटीवर असते, तिला बहुतेक टॅमॉक्सिफेन देतात, किंवा अंडाशय बंद करायचं इंजेक्शन देऊन मग हे.

आता खरेदीचा अनुभव. पहिल्या महिन्यात घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेली, काउंटरवर वीसेक वर्षांचा पोट्टा. त्याने चिठ्ठी पाहिली, पाच गोळ्यांची पट्टी काढली आणि चार लोकांसमोर मोठ्याने विचारलं, “काकू, सुनेसाठी का? पाळीच्या कोणत्या दिवसापासून सांगितलं?” तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की मूल होत नाही म्हणून ज्या बायका ट्रीटमेंट घेतात त्यांना पण हीच गोळी पाच दिवसांसाठी देतात. डोक्यावर स्कार्फ, भुवया नाहीत, आणि हा मला सून विचारते. मी म्हटलं माझ्यासाठीच आहे बाप्पा, तीस दे. तो इतका ओशाळला की सुटे पैसे परत द्यायचेच विसरला.

नंतर मी दुकान बदललं. आता नागपुरातच त्रिमूर्तीनगरकडे एका भाऊंकडून घेते, नाव लिहू नका काकू असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहीत नाही. त्यांच्या दुकानाला वेगळे पाच तारे. त्यांच्याकडे कॅलेंडरवर माझ्या नावाचं अक्षर असते, गोळी संपायच्या चार दिवस आधी फोन येतो, आणि ते कंपनी बदलत नाहीत, बदलावी लागली तर आधी सांगतात. हे महत्त्वाचं का, तर एकदा घाईत दुसरीकडून वेगळ्या कंपनीची घेतली, गोळी तीच, पण भाव तिप्पट. जेनेरिक घ्यायची की ब्रँड हे डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तुम्हाला जी पाच वर्षं न चुकता परवडेल ती घ्या. जनऔषधीत स्वस्त मिळते, फक्त दर वेळी स्टॉकमध्ये असेलच असं नाही, म्हणून तिकडून घेत असाल तर पट्टी संपायची वाट पाहू नका. जास्तीच्या घ्यायच्या असतील तर गंजीपेठेतला दवा बाजार आहे, पण ऊन पाहून जा.

आता बोटं. सुरुवातीचे तीन महिने काहीच नाही, मला वाटलं आपण सुटलो. मग ऑक्टोबरात सकाळी उठलं की हात मुठीत अडकल्यासारखे. कणीक मळता येईना. कूकरचं झाकण आमचे हे लावून द्यायचे आणि मग चालायला जायचे, कारण त्यांना माहीत होतं की ते आल्यावरच भात होणार. उजव्या हाताचं मधलं बोट वाकलं की सरळच होईना, डाव्या हाताने ओढलं की टक् आवाज करून उघडायचं, पिस्तुलाच्या घोड्यासारखं, त्याला ट्रिगर फिंगरच म्हणतात. तेव्हा मी नोकरीत होती, आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडू हातातून पडला, पोट्ट्यांना वाटलं बाई रागावल्या, वर्ग एकदम चूप. मी पण चूप. खडू उचलायला खाली वाकली तर गुडघ्याने पण कुरकुर केली.

दोन वर्षं मी हे कोणालाच नीट सांगितलं नाही, कारण वाटायचं जीव वाचला आणि बोटांची काय तक्रार करायची. हा माझा मूर्खपणा. २०२१ मध्ये एकदा फॉलोअपला रडूच आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले अहो हे ह्या गोळ्यांचं नेहमीचं दुखणं आहे, कितीतरी बायका ह्याच्यापायी न सांगता गोळी सोडून देतात, तुम्ही बोलल्या हे बरं. मग त्यांनी तीन आठवडे गोळी थांबवली (त्यांनी, मी नाही), दुखणं खरंच उतरलं, म्हणजे गोळीचंच होतं हे पक्कं झालं. मग वर्षभर अ‍ॅनॅस्ट्रोझोल दिली. काहींना एका बहिणीचा त्रास होतो आणि दुसरीचा होत नाही म्हणे. मला फरक पडला पण केस जास्त गळायला लागले, म्हणून परत लेट्रोझोलवर आली आणि ह्या वेळी सोबत व्यायाम लावला. रोज सकाळी पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस एक एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं, झेपेल तशा, कारण डावा हात सुजतो. व्यायामाने सांधे दुखतात असं वाटते पण ह्या दुखण्यात उलट आहे, न हललं की जास्त आखडते. पूर्ण गेलं नाही. कणीक आता मळते, चकल्या नाही पाडत.

हॉट फ्लॅशबद्दल नागपूरच्या बाईने काय लिहावं? मे महिन्यात ४५ डिग्री, लाईन गेलेली, कूलर बंद, तेव्हा आतून वाफ आली की बाहेरून हे कळायचं कसं! मला तर कळलंच डिसेंबरात. सगळे शाली पांघरून बसलेले आणि मी अचानक स्वेटर काढून गच्चीवर उभी. रात्रीची गोळी सकाळी घेऊन पाहिली, फार फरक नाही. रात्रीचा चहा सोडला आणि सुती गाऊन घातला त्याने जरा बरं.

ह्या गोळीचं दुसरं मोठं बिल हाडांना येते. इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजतात, म्हणून सुरू करतानाच डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव ते मोजणारा) करून घ्या, मग साधारण दोन वर्षांनी परत. माझा टी स्कोअर उणे १.४ वरून उणे २.१ वर आला, उणे २.५ ला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे मी काठावरच बसलेली. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तर होतंच, मग दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन लावलं. त्याच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या हे मला कोणी वेळेवर सांगितलं म्हणून सांगते, दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्यावा लागतो, नंतर काढला तर जबड्याच्या हाडाला क्वचित त्रास होतो. पहिल्या सलाईननंतर ताप येऊ शकतो हेही सांगितलं होतं. पण तो तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी येईल हे नव्हतं सांगितलं. मी माहेरी, नागपूरच्या महाल भागात, १०१ ताप, अंग ठणकून राहिलेलं, आणि खालून मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, चालली, ढोल, गर्दी, सगळे ओरडून राहिले, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. दरवर्षी पाहायची लहानपणापासून. त्या दिवशी खिडकीशी गादीवर पडल्या पडल्या पहिल्यांदा मी पण ओरडली, आई धावत आली तिला वाटलं ताप डोक्यात गेला.

माझ्या धाकट्या जाऊबाईला पण २०२२ मध्ये निघालं, ती ४१ ची. ती टॅमॉक्सिफेनवर आहे, २० एमजी, म्हणून तिच्या गोळीचं पण दोन शब्दांत. फार जुनी गोळी, १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत गर्भनिरोधक शोधता शोधता सापडली, त्या कामात नापास झाली आणि ह्या कामात पहिली आली. शाळेत असे पोट्टे पाहिलेत मी. ती इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही, गाठीच्या पेशीवर इस्ट्रोजेनची बसायची जागा अडवते. सांधे तिला कमी दुखतात. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि पायात रक्ताची गुठळी ह्यांचा धोका थोडा वाढतो, म्हणून पाळी सोडून अधेमधे लाल दिसलं किंवा एकच पाय सुजला तर लगेच दाखवायचं. अजून एक, तिला मधे डिप्रेशन आलं, घराजवळच्या डॉक्टरने फ्लुओक्सेटिन लिहिली, आमच्या भाऊंनीच चिठ्ठी पाहून थांबवलं, म्हणे ताई आधी कॅन्सरच्या डॉक्टरला फोन करा. बरोबर होतं, फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन लिव्हरमधलं ते एन्झाइम अडवतात जे टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देते. दुसरी गोळी बदलून मिळाली. म्हणून म्हणते दुकानाला पाच तारे.

शेजारपाजारचं वेगळंच. इतकी वर्षं केमिकल खाऊन किडनी जाईल, असं सांगणाऱ्या तिघी. एकीने शतावरी कल्प आणून दिला, दुसरीने कसली तरी हार्मोन बॅलन्सची पावडर. डॉक्टर म्हणाले जे हार्मोन ‘बॅलन्स’ करते असं डब्यावर लिहिलंय ते मला दाखवल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. पावडर कपाटात आहे, एक्स्पायर झाली.

आता भीती. रिव्ह्यूत हे येत नाही पण ह्या गोळीच्या पट्टीत अकरावी गोळी भीतीचीच असते. २०२३ च्या दिवाळीत गोधड्या धुतल्या आणि कंबर धरली. चार दिवस झाले, दुखते. मी कोणाला न सांगता एका लॅबमध्ये गेली (कोणत्या ते जाऊ द्या), त्यांच्याकडे कॅन्सर पॅकेज होतं, सीए १५-३ वगैरे, म्हणजे रक्तातले कॅन्सरचे मार्कर. रिपोर्ट थेट मोबाइलवर आला, ३४, आणि त्याच्यापुढे लाल बाण. बाजूला लिहिलेलं, ३० च्या आत. बस. नऊ दिवस मी त्या बाणासोबत जगली. फराळ केला, पाहुणे केले, रात्री बाथरूमचा नळ सोडून रडली. लॅबवाल्याला फोन केला तर म्हणे मॅडम डॉक्टरला दाखवा, आम्ही सांगू शकत नाही. मग पॅकेज काऊन विकता?

डॉक्टरांनी पाहिलं, कंबर दाबून पाहिली, एक एक्स-रे केला, आणि जरा चिडलेच. म्हणाले काही त्रास नसताना किंवा आपल्या मनाने मार्कर करायचेच नाहीत, ते साध्या कारणांनी पण वरखाली होतात, आणि त्यांच्यावरून धावपळ करून आयुष्य वाढते असं कुठल्याच अभ्यासात निघालं नाही. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, ठरल्या वेळी तपासणी, आणि त्रास झाला तर त्या त्रासाची तपासणी, एवढंच. मग त्यांनी मला एक साधा हिशेब दिला तो मी फ्रिजवर लावलाय. नवीन दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं, झोपल्यावरही कमी होत नाही, वाढून राहिलं, तर फोन. टाक्यांवर किंवा काखेत गाठ, विनाकारण दम, कावीळ, न थांबणारी डोकेदुखी, वजन आपोआप उतरणं, तर आठवडे न मोजता फोन. बाकी कंबर म्हणजे कंबर. दोन महिन्यांनी मार्कर परत केला तर २२ निघाला, आणि कंबर तोवर कधीच बरी झाली होती.

जून २०२४ ला पाच वर्षं झाली. मला वाटलं सर्टिफिकेट मिळते. तर डॉक्टर म्हणाले आता पुढचं ठरवू, आणि मला गणिताची बाई समजून आकडे दिले. ह्या प्रकारचा कॅन्सर उशिरा परत येऊ शकतो, पाच वर्षांनंतर धोका संपत नाही. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ६२,९२३ बायका, सगळ्या पाच वर्षं गोळी घेऊन ठीक असलेल्या आणि मग गोळी थांबवलेल्या. त्यात माझ्यासारखी गाठ, म्हणजे दोन ते पाच सेंटिमीटर आणि काखेतल्या एक ते तीन गाठींत पसरलेलं, अशा बायकांमध्ये पाच ते वीस वर्षांच्या काळात शरीरात दुसरीकडे परत निघण्याचं प्रमाण २६ टक्के. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि काख साफ असेल तरी १३ टक्के. मी घरी येऊन वही घेतली आणि १०० टिंबं काढली, २६ लाल केली. मग उरलेली ७४ मोजली, दोनदा. शिवाय त्या बायकांचे उपचार जुन्या काळातले, आताच्यांचं चित्र त्याहून बरं असावं असं डॉक्टर म्हणाले.

मग प्रश्न, किती वर्षं वाढवायची. टॅमॉक्सिफेनवाल्यांसाठी २०१२ च्या अ‍ॅटलास अभ्यासाने दाखवलं की पाचऐवजी दहा वर्षं घेतली तर परत येणं आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, म्हणून जाऊबाईची गाडी दहापर्यंत. माझ्या जातीच्या गोळीचं तसं सरळ नाही. २०२१ चा ऑस्ट्रियाचा अभ्यास आहे, पाच वर्षं हार्मोनची गोळी झालेल्या बायकांना पुढे दोन वर्षं द्यायची की पाच, आणि कॅन्सरच्या बाबतीत दोघींत फरकच निघाला नाही, पण जास्त वर्षंवालींमध्ये हाडं जास्त मोडली. माझा उणे २.१ पाहून डॉक्टर म्हणाले दोन. म्हणजे एकूण सात, जून २०२६. दुसऱ्या कोणाला, काखेत जास्त गाठी असतील तर, वेगळं सांगतील.

आणि मुख्य अडचण इथंच आहे, चार तारे दिले पण कशाच्या जोरावर दिले? कूलर चालतो का ते समोर बसलं की कळते. ही गोळी चालली की काही होत नाही, आणि काही न होणं म्हणजे गोळीने वाचवलं की तसंही होणार नव्हतं, हे माझ्यापुरतं मला कधीच कळणार नाही. १०० टिंबांतलं माझं कोणतं ते वहीत लिहिलेलं नाही. हजारो बायकांची बेरीज केली की मात्र दिसते, पाच वर्षं टॅमॉक्सिफेनने पंधरा वर्षांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात आणि पाळी गेलेल्यांमध्ये आमची गोळी त्याहून थोडी पुढेच. मी आयुष्यभर पोरांना सांगितलं की सरासरी कोण्या एका पोराची नसते. आता रोज रात्री साडेनऊला तीच सरासरी पाण्यासोबत गिळते.

गंमत म्हणजे सुरू करताना जितकी घाबरली होती तितकीच आता बंद करायला घाबरते. मागच्या महिन्यात भाऊंना म्हटलं जून २०२६ नंतर येणार नाही मी तुमच्याकडे. ते म्हणाले, “या ना काकू, कॅल्शियम तर लागतेच.”

एक राहिलंच. गोळी घेतली की नाही ह्याचा घोळ होतो, पट्टीवरच तारखा लिहून ठेवा. मी विसरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ही अंगातून हळूहळू उतरते, एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि तारखा लिहायला जेल पेन घेऊ नका, चांदीच्या कागदावर पुसते, सीडीवर लिहायचा मार्कर मिळतो तो घ्या.